चार नंबरची खिडकी

१

उत्तरा मुंडलेचा धंदा म्हणजे प्रश्न विचारणं. संगणकाच्या पडद्यावर मधोमध एक छोटी खिडकी उगवते, "बदल जतन करायचे का?" असं विचारते आणि खाली दोन बटणं दाखवते. तसल्या खिडक्या ती एकोणीस वर्षं बनवत होती. कापसाचे जिनिंगवाले, तेलघाणीवाले, बियाण्यांच्या गोदामांचे मालक, ज्यांच्या कचेरीत टेबलाखाली अजून एखादा जुना संगणक घरघरत असतो असे सगळे तिचे गिऱ्हाईक. तिची मुलगी गार्गी पुण्याला नोकरी करायची आणि आईच्या कामाला पुरातत्त्व खातं म्हणायची. उत्तराला त्याचा राग येत नसे. तिला राग यायचा तो प्रश्न न वाचणाऱ्या माणसांचा. खिडकी दिसली की माशी हाकलावी तसं पहिलं बटण दाबायचं, आणि मग मॅडमला फोन लावायचा.

गेल्या महिन्याभरात असे सगळ्यात जास्त फोन आले होते भागीरथा शीतगृहातून. नागपुरात कळमन्याच्या पुढे असलेल्या या शीतगृहात सहा मोठ्या खोल्या होत्या आणि त्यांत छतापर्यंत मिरचीची पोती. प्रत्येक खोलीला वीतभर जाडीचं, रुळावरून सरकणारं दार. दाराची आतली कडी सहाही खोल्यांत केव्हाच निकामी झालेली. विमावाल्यांनी त्यावर बोट ठेवलं, तेव्हा मालकाचा मुलगा विक्रम उत्तराकडे आला होता. दार लावायच्या आधी संगणकानं विचारलं पाहिजे, एवढंच काम.

तिनं चाळीस मिनिटांत खिडकी करून दिली. "खोली क्रमांक अमुक. आत कोणी आहे का?" खाली दोन बटणं, "हो" आणि "नाही". "नाही" दाबलं की दार सरकून लागायचं, दिवे बंद व्हायचे, थंड हवेचे पंखे सुरू व्हायचे. "हो" दाबलं की भोंगा वाजायचा आणि दार उघडंच राहायचं.

कचेरीत बसणारा चंद्रभान सवयीनं "हो" दाबायचा. पहिल्या आठवड्यात भोंगा दिवसाला चाळीस वेळा वाजला. मग उत्तरानं बटणांवरचे शब्द बदलले. "कोणी नाही, दार लावा" आणि "थांबा". शिवाय प्रत्येक खोलीत दाराशेजारी आतून एक लाल बटण बसवून घेतलं. चुकून कोणी आत राहिलं तर त्यानं ते दाबायचं. ते दाबणं म्हणजे आतून "थांबा" म्हणणं.

आता तरी फोन येणार नाही, असं तिला वाटलं होतं. मे महिन्यातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाला ती कैरीचं पन्हं गाळत असताना फोन वाजला.

"मॅडम, चार नंबरची खिडकी मानून नाही राहिली," चंद्रभान म्हणाला.

"मानून नाही राहिली म्हणजे काय?"

"मी म्हणतो कोणी नाही. ते म्हणते थांबा."

२

"माऊस दोनदा क्लिक होत असेल."

"नाही जी. नवीन माऊस हाय."

"मग तुमचं बोट दोनदा पडत असेल, चंद्रभानजी."

"बोट जुनंच हाय," चंद्रभान शांतपणे म्हणाला.

उत्तरानं दात आवळले. एकदा दाबल्यावर तीन सेकंद माऊसचं काही ऐकायचंच नाही, अशी दुरुस्ती करून तिनं नवा प्रोग्राम पाठवला. मंगळवारी पुन्हा फोन. चंद्रभाननं पडद्याचा फोटो पाठवला होता. त्यात अर्धा पडदा आणि अर्धा त्याचा अंगठा. शेवटी तिनं त्याच्याकडून नोंदींची फाइल मागवून घेतली. कोणतं बटण, केव्हा आणि कुठून दाबलं गेलं, याची नोंद प्रोग्राम ठेवत असे. भांडण झालं की हे कामाला येतं, हा तिचा अनुभव.

मनीषनगरच्या घरात दुपारी कूलर लावून, पडदे ओढून ती ती फाइल वाचत बसली. दहा बेचाळीस, सात सेकंद: कोणी नाही, कचेरीतून. दहा बेचाळीस, नऊ सेकंद: थांबा, आतून. एकतिसाव्या सेकंदाला पुन्हा कोणी नाही, कचेरीतून. तेहतिसाव्याला थांबा, आतून. पानभर तेच. प्रत्येक वेळी मधे दोन सेकंद, आणि खोली फक्त चार नंबरची.

म्हणजे चंद्रभानचं बोट निर्दोष होतं. याचंच तिला आधी वाईट वाटलं. मग तिनं कारण शोधलं आणि ते लगेच सापडलं. थंड खोली, भिंतीला पाझर, तारेत ओल. ओलीनं तार तारेला चिकटते आणि बटण दाबल्यासारखं होतं. साधी गोष्ट.

फक्त ओल लागली की एकामागून एक दहा-वीस नोंदी पडायला हव्या होत्या. इथं दर वेळी एकच होती. आणि ती प्रश्न विचारल्यावरच यायची. पण प्रश्न पडद्यावर नसतो तेव्हा प्रोग्राम आतल्या बटणाकडे लक्षच देत नाही, हे तिला आठवलं. तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि फाइल बंद केली.

कूलरमधलं पाणी संपत आलं होतं. पंपाचा आवाज बदलला, तशी ती उगाचच दचकली. दचकल्याचा तिला राग आला.

३

बुधवारी ती तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटरवर कळमन्याला गेली. सकाळी अकरालाच ऊन डोळ्यांत बोटं घालत होतं. शीतगृहाच्या फाटकापाशीच मिरचीचा खकाणा नाकात शिरला आणि तिला ओळीनं पाच शिंका आल्या.

विक्रम व्हरांड्यातच उभा होता. तिशीचा, घामेजलेला, दोन फोन हातात. "मॅडम, तीन दिवस झाले. चार नंबर थंडच होऊन नाही राहिला. दार हातानं लोटलं तरी तुमचा प्रोग्राम हो म्हटल्याशिवाय पंखे चालू होत नाहीत."

"तसं करायला तुम्हीच सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. आता निपटवा ना हे."

चार नंबरच्या दाराबाहेर आठ बाया सावलीत बसल्या होत्या. फाटलेली पोती दाभणानं शिवायची आणि आत सांडलेली मिरची झाडून गोळा करायची, हे त्यांचं काम. सगळ्यांची तोंडं ओढणीनं डोळ्यांपर्यंत बांधलेली, त्यामुळे सगळ्या सारख्याच दिसत. त्यांची मुकादमीण जिजाबाई तेवढी तोंड उघडं ठेवून बसली होती. तिला मिरचीचं काही वाटत नसे.

उत्तरा आत शिरली. दार उघडं असूनही आत बराच गारठा होता. बोलायला तोंड उघडलं की वाफ निघायची. पोत्यांच्या थप्प्यांमधून तीन अरुंद गल्ल्या मागच्या भिंतीपर्यंत जात होत्या. मधल्या गल्लीच्या टोकाला, वर, भोंगा. लाल बटण दाराच्या डाव्या हाताला, छातीच्या उंचीवर. तिनं ते दाबून पाहिलं. चांगलं होतं. दाबताना आणि सुटताना स्वच्छ कट्‌ असा आवाज करत होतं.

उजवीकडच्या गल्लीत कोणीतरी खोकललं.

मिरचीच्या खोलीत खोकला म्हणजे नवल नव्हे. उत्तरा बाहेर आली आणि म्हणाली, "जिजाबाई, आत कोण आहे तिला बाहेर बोलवा. मला दार लावून बघायचंय."

"आमच्या सगळ्या बाहेर हायेत मॅडम. आठच्या आठ."

"मग हमाल असेल."

"हमाल जेवाले गेले."

उत्तरानं परत जाऊन उजवी गल्ली पाहिली. पोती, पोती आणि भिंत. ती वैतागून वळली तेव्हा जिजाबाई उंबऱ्यापाशी आली होती. आत पाऊल न टाकता तिनं गल्ल्यांकडे तोंड करून हलक्या आवाजात हाक दिली, "चला वं, चला." आणि क्षणभर थांबून ती बाजूला झाली, कोणाला वाट द्यावी तशी.

"आत कोणी नाही म्हणता, मग हाक कोणाला मारता?" उत्तरानं विचारलं.

"सवय हाय," जिजाबाई म्हणाली आणि दाभणात सुतळी ओवायला लागली.

४

वीजकाम करणारे दादाजी आले. त्यांनी चार नंबरचं बटण बदललं. खिडकी "थांबा"च म्हणाली. त्यांनी तार बदलली. तरी तेच.

"तारच तोडा," उत्तरा म्हणाली.

दादाजींनी तिच्याकडे पाहिलं. "मग आत कोणी राहिलं तर?"

"दहा मिनिटांसाठी. मला फक्त बघायचंय."

पंख्यांच्या मोटरींमागच्या खोलीत एका पेटीत सहाही खोल्यांच्या तारा येत होत्या. तिथं दादाजींनी चार नंबरची तार कापली आणि टोकांना काळी पट्टी गुंडाळून ती लोंबती सोडली. उत्तरा कचेरीत आली. चंद्रभाननं "कोणी नाही, दार लावा" दाबलं. खिडकी मिटली.

एक. दोन.

खिडकी परत आली. नोंद होती: थांबा, आतून.

उत्तरा उठून पेटीपाशी गेली. तार कापलेलीच होती. तिनं टोकं बोटात धरून पाहिली, पाच नंबरची तर कापली नाही ना हे तपासलं. पाच नंबर ठीक चालत होता. ती परत आली आणि खुर्चीत बसून राहिली. एकोणीस वर्षांत तिला न सापडलेली चूक एकही नव्हती. वेळ लागला असेल, पण प्रत्येक चुकीच्या मुळाशी कुठलं तरी माणूस निघालं होतं, बहुतेक वेळा ती स्वतःच.

"कोणी राहिलं होतं का कधी?" तिनं चंद्रभानला विचारलं. "आत?"

"मी खाप्याहून इथं कामाले आलो त्याले अकरा वर्षं झाली. माझ्या देखत तर नाही," तो म्हणाला. "त्याच्या आंधीचं मले नाही माहीत."

विक्रम आत आला. चार नंबरचा पारा अकरावर चढला होता आणि पोती घामायला लागली होती. एकदा बुरशी धरली की सगळा माल फेकावा लागेल, असं तो एकदाच, फार न ओरडता म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, तो प्रश्नच काढून टाका."

"तो प्रश्न आहे म्हणून कोणी आत अडकत नाही."

"चार नंबरचा फक्त. चंद्रभान जाऊन डोळ्यानं पाहील आणि मग दार लावेल. पहिले असंच करत होतो आम्ही."

उत्तरानं नाही म्हणायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं. पण तीन दिवस तिच्याच खिडकीनं तिला खोटं पाडलं होतं, डोकं उन्हानं ठणकत होतं, घसा मिरचीनं सोलला होता. मनातून तिला त्या प्रश्नाचा वीट आला होता.

"काढते," ती म्हणाली.

५

काम पाच मिनिटांचं होतं. "थांबा" बटण काढलं. आतून काही आलं तर ते ऐकणारा भाग काढला. प्रश्न पुसून त्या जागी नुसतं लिहिलं: "खोली क्रमांक ४." खाली एकच बटण, "दार लावा". नवा प्रोग्राम कचेरीतल्या संगणकावर चढवला आणि खिडकी उघडली.

बटण डावीकडे होतं.

एकच बटण असलं की ते मधोमध यायला हवं. हे डाव्या कडेला सरकून बसलं होतं, शेजारी अजून कोणी बसणार असल्यासारखं. उत्तरानं ते मधे आणलं, प्रोग्राम पुन्हा तयार केला, पुन्हा उघडला. बटण पुन्हा डावीकडे. "शी," ती स्वतःशीच म्हणाली.

खिडकीत काय काय आहे हे तपासायची तिची एक जुनी रीत होती. माऊस सोडायचा आणि टॅबची कळ दाबत राहायचं. निवडलेल्या बटणाभोवती ठिपक्यांची चौकट येते. टॅब दाबला की ती पुढच्या बटणावर जाते, तिथून पुढच्या, आणि फिरून पहिल्यावर येते. एकच बटण असेल तर चौकट जागची हलत नाही.

तिनं टॅब दाबला. "दार लावा" भोवतीची चौकट गेली. दुसरीकडे कुठे आली नाही. तिनं पुन्हा टॅब दाबला, तेव्हा ती "दार लावा"वर परत आली.

तिनं सावकाश पुन्हा करून पाहिलं. आहे. नाही. आहे. नाही. त्या रिकाम्या जागेत आणखी एक बटण होतं. खिडकीत किती बटणं आहेत हे तिनं प्रोग्रामकडूनच मोजून घेतलं. उत्तर आलं, एक.

चौकट दिसेनाशी झालेली असताना तिनं अंगठ्यानं स्पेसची कळ दाबली. बटण दाबण्याचाच तो दुसरा मार्ग असतो.

चार नंबरमध्ये भोंगा वाजला.

चंद्रभाननं मान वर केली. "कोण दाबलं?"

"मी."

"काय दाबलं?"

उत्तरानं पडद्यावरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. तिनं खिडकी तशीच ठेवली आणि उठली. भोंग्याला कुठूनतरी दुसरी तार जोडलेली असणार. दादाजींनी सहा खोल्यांच्या तारा ओढताना काहीतरी घोळ घातला असणार, दुसरं काय? "चंद्रभानजी, तुम्ही मागे जाऊन भोंग्याचा खटका खाली करा. मी आत जाऊन त्याची तार बघते."

तिचा फोन टेबलावर चार्जिंगला होता. तो तिथंच राहिला.

६

ती मधल्या गल्लीच्या टोकाला, भोंग्याखाली मान वर करून उभी होती. भोंग्याला एकच तार होती. मागे कसला तरी जड, घसटता आवाज आला. तो ओळखायला तिला एक क्षण लागला, आणि तेवढा क्षण दाराला पुरला. दिवे गेले. पंखे सुरू झाले.

दार लागलं की दिवे बंद, हे तिनंच लिहिलं होतं.

ती आधी संतापली. कोण आहे तो मूर्ख, ज्यानं आत न बघता दाबलं? मग हळूहळू तिच्या लक्षात आलं की ज्यानं दाबलं त्याला कोणी विचारलंच नव्हतं. पडद्यावर फक्त एक बटण होतं.

तिनं दोन्ही बाजूंची पोती चाचपत गल्ली ओलांडली. हात मिरचीच्या भुकटीनं चरचरत होते. हाताला दार लागलं. तिनं त्यावर मुठी आपटल्या. एवढ्या जाड दारावर मुठीचा आवाज उशीवर मारल्यासारखा येत होता. मग तिनं डावीकडे लाल बटण शोधलं आणि दाबलं. कट्‌. पुन्हा दाबलं. कट्‌. तार तोडायला तिनंच सांगितलं होतं.

चंद्रभान दोन मिनिटांत कचेरीत येईल आणि विचारेल, मॅडम कुठं गेल्या. दोन नाही, पाच मिनिटं. पाच मिनिटांत माणूस गारठून मरत नाही. असे हिशेब करत ती दाराच्या कडेकडेनं उजवीकडे सरकली. निकामी कडी कुठं आहे आणि तिचा काही उपयोग होतो का, हे तिला पाहायचं होतं. कडीच्या जागी दोन भोकं होती.

तेव्हा खोकला आला. घरात पाहुणे निजलेले असताना तोंडावर पदर धरून खोकावं तसा, दाबलेला. उजव्या गल्लीतून.

उत्तरा हलली नाही. पंख्यांच्या घरघरीतून तिला पोत्यांवरून कापड घासत येत असल्याचा आवाज ऐकू आला. सावकाश, न चाचपडता येणारा. अंधारात वाट पाठ असलेलं माणूस चालतं तसा.

"आत कोणी आहे का?" तिनं विचारलं.

आपण काय बोललो ते तिला बोलल्यावर कळलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

तिच्यापासून हातभर अंतरावरून काहीतरी गेलं. गार खोलीतही त्याचा आणखी गारवा तिच्या गालाला कळला. ते थांबलं नाही. दाराच्या डाव्या बाजूला गेलं. आणि तिथून, जिथं आता ती उभी नव्हती तिथून, आवाज आला.

कट्‌.

मधे दोन सेकंद.

कट्‌.

त्यात घाई नव्हती. रोजचं काम करावं तसं ते चाललं होतं. उत्तरा दाराला पाठ चिकटवून खाली बसली आणि तिनं कान झाकून घेतले. झाकलेल्या कानांतूनही भोंगा तिला ऐकू आला.

७

चंद्रभान आणि विक्रम दोघांनी मिळून बाहेरून दाराचं चाक हातानं फिरवून ते उघडलं. उत्तरा रांगतच बाहेर आली. जिजाबाईनं तिच्या खांद्यावर पोतं टाकलं आणि दोन्ही तळहात आपल्या हातात घेऊन चोळायला सुरुवात केली.

विक्रमचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मले काय माहीत तुम्ही आत आहात. खिडकीनं विचारलंच नाही."

"नाही विचारलं," उत्तरा म्हणाली. "मीच काढून टाकलं ना."

"मग ती परत परत काहून येत होती? मी तीनदा दाबलं. मिटते आणि पुन्हा येते. मग भोंगा वाजला म्हणून आम्ही धावलो."

चंद्रभान विक्रमकडे बघत नव्हता, उत्तराकडे बघत होता. "मी भोंग्याचा खटका खाली करूनच आलो होतो," तो म्हणाला. "अजून खालीच हाय. जाऊन पाहून घ्या."

कोणी गेलं नाही.

थोड्या वेळानं अंगात ऊब आली तशी उत्तरा कचेरीत गेली आणि तिनं जुना प्रोग्राम परत चढवला. प्रश्नासकट, दोन्ही बटणांसकट. दादाजींकडून तार जोडून घेतली. मग ती विक्रमला म्हणाली, "चार नंबर रिकामा करा. सगळाच. रिकाम्या खोलीचं दार लावून बघू. तरी 'थांबा' आलं तर मी हे काम सोडते, तुम्ही दुसरं माणूस बघा."

"एवढी पोती ठेवू कुठं?"

"कुठंही ठेवा. इथं तशीही सडणारच आहेत."

८

पोती हलवायला दीड दिवस लागला. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत चार नंबर मोकळा झाला. हमालांनी मागच्या भिंतीपर्यंत झाडू मारला. निघालं ते मिरचीचं बी, सुतळीचे तुकडे, एक मोडकं दाभण. भिंती ओल्या होत्या. जिजाबाईच्या बायांनी जमीन पुसून घेतली आणि त्या बाहेर पडल्या.

चंद्रभाननं बटण दाबलं. विक्रम, उत्तरा आणि दारातून डोकावणारे दादाजी, सगळे पडद्याकडे बघत होते. खिडकी मिटली. दोन सेकंद झाले. पाच झाले. पलीकडे दार सरकल्याचा आवाज आला आणि पंखे लागले.

"झालं," विक्रम म्हणाला आणि खुर्चीत बसला. "पोत्यांचीच ओल होती मॅडम. मी म्हणत नव्हतो?"

तो असं काहीच म्हणत नव्हता. पण उत्तरानं वाद घातला नाही. तिला इतकं हलकं वाटत होतं की त्याचीच तिला चीड आली. हलवलेली पोती दोन आणि पाच नंबरमध्ये रचली होती. त्या दारांनीही निमूट मान तुकवली. तिनं लॅपटॉप पिशवीत टाकला, चंद्रभानकडचं थंड पाणी प्याली आणि बाहेर आली.

अडीच वाजले होते. आवारातल्या मातीकडे बघवत नव्हतं. बायांची सुटी झाली होती. फाटकाजवळच्या नळावर हात धुऊन, तेल चोळून त्या घरी न्यायला आलेल्या ऑटोकडे निघाल्या होत्या. ओढण्या अजून सोडल्या नव्हत्या. इतक्या उन्हात कोण सोडेल? स्कूटरची सीट पोळत होती, म्हणून उत्तरा कपडा ओला करायला नळाकडे वळली.

शेवटची बाई जरा मागे होती. नळाशी न थांबता ती सरळ ऑटोकडे चालली होती, सावकाश, पायाखालची वाट नवी असल्यासारखी. तिच्या तोंडावरच्या कापडातून पांढरा धूर निघत होता. बिडी ओढते आहे, असं उत्तराला वाटलं. मग तिला दिसलं की बाईचे दोन्ही हात खाली लोंबत आहेत आणि हातात काही नाही. धूर थांबायचा आणि पुन्हा यायचा. थांबायचा आणि पुन्हा यायचा, श्वासाला लागतो तेवढा वेळ सोडून. आणि नागपूरच्या मे महिन्यात, डोक्यावर पंचेचाळीस अंशांचं ऊन असताना, तो तोंडापासून वीतभर दूर जाऊन विरत होता.

उत्तराच्या हातातला कपडा नळाखालीच राहिला.

"मॅडम," जिजाबाई तिच्या शेजारी येऊन उभी होती. ती नळ बंद करत म्हणाली, "तिकडं नका पाहू."

"जिजाबाई, ती कोण..."

"तिले लई उशीर झाला आज. जाऊ द्या."

"कुठं जाऊ द्या?"

"घरी. अजून कुठं?"

जिजाबाई ऑटोकडे गेली आणि पुढे, ऑटोवाल्याशेजारी बसली. मागे आधीच दाटीवाटीनं बसलेल्या सातही बाया, कोणी कोणाकडे न बघता, एकेक करून आत सरकल्या आणि कडेला एका माणसापुरती जागा झाली. मग ऑटो हलला आणि फाटकातून बाहेर पडला.

उत्तराचा रस्ताही त्याच बाजूचा होता. तिनं स्कूटर बाहेर काढली, पण चालू केली नाही. ऑटो पुलापलीकडे दिसेनासा झाला. त्यानंतरही कितीतरी वेळ ती भर उन्हात, किल्ली हातात धरून, तिथंच उभी राहिली.